झाकण लावण्याआधी

खालून ठोके ऐकू आले तेव्हा ग्रंथपालांना आधी ते पत्र आठवलं. उत्तर न दिलेलं.

तीन ठोके, सावकाश. मग शांतता. पुन्हा तीन, पुन्हा शांतता. केबिनच्या जमिनीखालून कुठूनतरी, लोखंडातून ते वर येत होते. ठोक्यांचं त्यांना विशेष काही वाटलं नाही. जहाज दुरुस्तीला काढल्यापासून ठोकाठोक चालूच होती. पण ही मधली शांतता वेगळी होती. कोणीतरी कान लावून थांबलं होतं.

सहलीचं ते जहाज भर प्रवासात गळायला लागलं आणि कंपनीनं ते प्रवाशांसकट सुक्या गोदीत घातलं. गोदीचे दरवाजे लावून आतलं पाणी उपसून टाकलं. आता जहाज एका प्रचंड खड्ड्यात लाकडी ठोकळ्यांवर उभं होतं. डुलणं नाही, इंजिनाची घरघर नाही. वरच्या डेकवर लोक कठड्याला टेकून खाली डोकावत. समुद्राच्या जागी ओलंकच्च काँक्रीट आणि जहाजाच्या पोटाखाली शिरणारी मुंगीएवढी माणसं. मग कोणीतरी म्हणे, "समुद्र बघायला आलो आणि कोरडी विहीर बघून चाललो!" की हशा पिके आणि पुन्हा भरपाईच्या गोष्टी सुरू होत. आज संध्याकाळी पाणी आत सोडणार, जहाज तरंगणार, म्हणून सकाळपासून सगळे खुशीत होते.

पत्र धाकट्या बहिणीचं होतं. आई गेली त्या वर्षीचं. 'दादा, मला आता माहेर आहे की नाही, एवढंच कळव.' उत्तराचे कितीतरी कागद ग्रंथपालांनी फाडले. प्रत्येक वाक्य एकतर कोरडं वाटे, नाहीतर नाटकी. मग उशीर झाला. मग उशिराची लाज वाटायला लागली, आणि त्या लाजेत वर्षं गेली. तिचं पुन्हा पत्र आलं नाही.

खालून परत ठोके आले. या खेपेला जरा जोरात.

कोणी अडकलं असेल तर? ग्रंथपालांनी काठी उचलली, पुन्हा खाली ठेवली. आपण कशाला मध्ये पडा, असं म्हणण्यातच त्यांचा जन्म गेला होता. पण ती शांतता आता संपत आली आहे, असं त्यांना वाटलं. त्यांनी घाईघाईनं काठी घेतली आणि तिच्या मुठीनं पलंगाशेजारच्या लोखंडी खांबावर तीनदा ठोकलं.

खाली कोणीतरी किंचाळलं. मग भोंगा वाजला.

दुपारी जेवणाच्या हॉलमध्ये घोषणा झाली. जहाजाच्या तळातल्या एका टाकीच्या आतून ठोकल्याचा आवाज आला होता, सगळ्या टाक्या पुन्हा तपासणार होते, पाणी आज सोडणार नव्हते.

"माझं पुढचं विमान चुकलं म्हणजे?" एक बाई ओरडली.

"भूत असेल! त्यालाही भरपाई द्या आता," दुसऱ्या टेबलावरून कोणीतरी म्हणालं. या वेळी कोणी हसलं नाही.

ग्रंथपाल उभे राहिले. सगळ्या माना त्यांच्याकडे वळल्या. "मी... ते मी ठोकलं."

"तुम्ही?" शेजारी बसलेल्या बायकोचा चमचा हातातच राहिला. "दारावरची बेल वाजली तरी पुस्तकातून डोकं वर न काढणारे तुम्ही? आजच बरी हुक्की आली!"

हॉलच्या दारात गोदीचा मुकादम उभा होता. अंगभर गंज माखलेला, केस पिकलेला. त्यानं ग्रंथपालांना बाहेर बोलावलं. बोलणी खायच्या तयारीनं ते गेले. मुकादम मात्र बराच वेळ त्यांच्या काठीकडेच बघत राहिला.

"काका, टाकीचं झाकण लावायच्या आधी आम्ही ठोकतो. आत कोणी राहिला असेल तर त्यानं उत्तर द्यायचं. नाही आलं तर आत कोणी नाही, लावा झाकण. अशी पद्धत आहे. आज माझी सगळी माणसं बाहेर होती. एकेक तोंड मी बघून घेतलं होतं. आणि आतून उत्तर आलं."

"माझी फार मोठी चूक झाली हो. मला वाटलं–"

"पोरं पळाली. मी एकटाच उतरलो आत. मला वाटलं, तोच आहे."

"कोण?"

"माझा जोडीदार. तरणे होतो आम्ही तेव्हा. मी ठोकलं, उत्तर आलं नाही, मी झाकण लावलं. आत हवा कमी पडली होती, त्याचा हात चालला नसेल. सापडला तेव्हा पाना हातात होता. ठोकायला धरलेला."

ग्रंथपालांनी हातातली काठी भिंतीला टेकवून ठेवली.

"टाकी रिकामीच होती म्हणा," मुकादम म्हणाला. "पण चुकून का होईना, उत्तर आलं. बरं वाटलं हो काका." आणि तो जिना उतरून गेला.

ग्रंथपाल तडक काउंटरवर गेले. तिथे जहाजाची चित्रं असलेली पोस्टकार्डं होती, निळ्या पाण्यावर तरंगणारं पांढरं जहाज. त्यांनी एक घेतलं आणि उभ्याउभ्याच लिहिलं. कच्चं लिहिलं नाही, पुन्हा वाचलंही नाही. पत्ता तोंडपाठ होता.

बायको मागून आली. "कोणाला?"

"धाकटीला."

तिनं पर्समधून तिकीट शोधून काढलं, स्वतःच चिकटवलं आणि कार्ड त्यांच्या हातात दिलं. ग्रंथपालांनी ते पेटीत टाकलं.

त्यावर दोनच वाक्यं होती. 'माहेर आहे. मी आतच होतो.'