नगरसेवकाची लेक

आमच्या कराच्या पैशाचं काय केलंत, हे नगरसेवकाला चारचौघांत विचारायचंच, असं ठरवून मी सरकारी शाळेच्या कार्यक्रमाला गेलो होतो. शाळेला रंग लागला की निवडणूक आली समजायचं, एवढं कळतं मला.

पण त्याने माझं तोंडच बंद केलं. स्वतःच्या लेकीला हाताला धरून स्टेजवर आणलं. अंगात शाळेचा गणवेश, दोन घट्ट वेण्या. "आजपासून माझी मुलगी तुमच्या मुलांच्या शेजारी बसणार. आज तिचा या शाळेतला पहिला दिवस!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. मीही वाजवल्या. "माणूस बरा निघाला गं," मी बायकोला म्हणालो. "आपण उगाच संशय घेतो."

बायकोचे हात मांडीवरच होते. दर वर्षी आमच्या पोरीच्या स्कर्टची दुमड उसवून तो बोटभर लांब करते ती. ती त्या मुलीच्या गुडघ्यांकडे बघत होती.

"पहिला दिवस ना? मग हिच्या स्कर्टवर जुन्या दुमडीच्या दोन रेघा कशा?" ती म्हणाली. "आज कुणाची पोर घरी बसवलीय यांनी?"