मागची जागा
ह्यांच्या सायकलच्या मागच्या चाकाची तार यंदा सातव्यांदा तुटली. दोन वर्षं मी कॅरिअरवर बसलेच नव्हते. बाजारात जाताना हे सायकल ढकलत, मी शेजारून चालत. "माझं वजनच भारी," हे सायकलवाल्यापुढे ओशाळून म्हणाले. तो स्वतःही चांगलाच ऐसपैस. "वजनाला कशाला बोल लावता? तारा ढिल्या राहतात, म्हणून तुटतात!" त्यानं छत्तीसच्या छत्तीस तारा नव्या, जाड घातल्या. एकेक तार छेडून, कान लावून सगळ्यांचा ताण सारखा केला. मग "चला, मारा फेरी," म्हणत स्वतःच मागे बसला. "माझ्या चाकाची परीक्षा मी अशीच घेतो." दोन डोंगर गल्लीभर हिंडले. चाक कुरकुरलंसुद्धा नाही. हे तर चक्क शीळ घालायला लागले! चौथ्या फेरीला मी पिशवी घेऊन वाटेत आडवी उभी राहिले. "भाऊ, उतरा आता. ती जागा माझी."