पहिल्या रांगेतला राघोबा

"आज तो उठला तर त्याचं थोबाड फोडतो," गुंडेराव रंगपटातल्या आरशाला म्हणाले. चिकटवलेली मिशी रागानं थरथरून निघाली. त्यांनी ती पुन्हा चिकटवली.

राग जुना होता. तुरीच्या खरेदीला गावोगाव हिंडणारा जनवाड्याचा हा राघोबा. बीदर असो की हुमनाबाद, पहिल्या रांगेत हजर. दुसऱ्या अंकात गुंडेरावांच्या पदाची पहिली तान सुरू झाली की खाकरायचा, उपरणं झटकायचा आणि चालू लागायचा. साऱ्या नाटकघरादेखत! गुंडेरावांचं माथं फिरे. त्या पाठीवर ते अशी तान फेकत की गॅसबत्तीची काच थरथरे आणि लोक 'वन्समोअर' म्हणून बाकं बडवत. निजामाच्या मुलखात असा चढा गळा दुसरा नाही, असं लोक म्हणत. गुंडेरावांना लोक दिसतच नसत. ती पाठ दिसे.

त्यांची बायको मालतीबाई बिऱ्हाड घेऊन कंपनीबरोबरच असे. खेळाच्या दिवशी ती हटकून शेंगाच्या पोळ्या करी.

"गवयाच्या घरात शेंगा कामून भाजायलीस? माझा गळा बसवायचाय का?"

"तुम्हाला कोण द्यायलंय? आलाय का तो?"

"कोण तो?"

"तुमचाच. उठून जाणारा."

"त्याचं नाव काढू नको!"

आजचा गुलबर्ग्याचा खेळ मात्र वेगळा होता. सोलापूरच्या मोठ्या कंपनीचे मालक गाणं पारखायला आले होते. पसंत पडलं तर गुंडेराव त्यांचे मुख्य गवई; नाही पडलं तर जन्मभर हाच ठिगळाचा पडदा.

त्यांनी पडदा ओढणाऱ्या शिवय्याला बोलावलं. "पहिला अंक संपला की त्या राघोबाला खुर्चीला बांध."

"अण्णा, बघणाऱ्याला बांधायचं?"

"तिकीट काढलंय ना त्यानं? मग पुरतं ऐकून जाईल."

"तिकीट कुठलं? पासावर येतोय त्यो."

"त्या गाढवाला पास कोण देतंय?"

शिवय्यानं दोरीची गाठ तपासायला घेतली. "मला काय ठावं न्हाई."

दुसरा अंक उघडला. राघोबाच्या कमरेला पडद्याची दोरी, वरून त्याचंच उपरणं, मागं शिवय्या. पद सुरू झालं. राघोबानं उठायची धडपड केली आणि तो बसला. आज गुंडेरावांना पाठ नाही, चेहरा दिसत होता. इतक्या वर्षांत प्रथमच त्यांना गाताना बरं वाटलं. ते गोड हसले. तान आली, पण जेवून लोडाला टेकलेल्या पाहुण्यासारखी.

वन्समोअर आला नाही. मागं कुणी जांभई दिली. एकजण उठला, मग बाकच्या बाक उठलं. सोलापूरच्या मालकांनी अडकित्ता खिशात टाकला आणि तेही निघाले.

पद संपलं तेव्हा नाटकघरात एकटा राघोबा उरला होता.

गुंडेराव दात खात खाली उतरले आणि त्यांनी दोरीला हिसडा दिला. राघोबाच्या मांडीवरचं फडकं सुटलं. आत शेंगाच्या पोळ्या होत्या.

"घ्या, अण्णा," तो रडकुंडीला येऊन म्हणाला. "काम न करता कशा खाऊ? वहिनींनी आज बजावून सांगितलं होतं, सोलापूरवाले आलेत, जरा जोरात खाकरून ऊठ."