चमचाभर साय

"सगळी भांडी साबणाने घासली आणि पंच्याने कोरडी केली," सातपाटीहून आलेले आबा अभिमानाने म्हणाले. हेमांगीने कपाळावर हात मारला. भांडी हल्ली कुणी घासतच नसे. ताटांवर जिवंत जंतूंची पातळ साय असायची. ती उष्टं-खरकटं खाऊन ताट स्वच्छ, कोरडं करायची. वडिलांनी ती साय साबणाने पार मारून टाकली होती.

आता विरजणासारखी चमचाभर साय मागायला शेजारच्या सोहोनीकाकांकडे जाणं आलं. मासळीच्या वासाची सोसायटीत तक्रार करणारे हेच काका. तरी हेमांगी त्यांच्या दारात उभी राहिली.

"देतो," आपल्या वाटीत साय काढत काका म्हणाले, "पण आमची साय शुद्ध शाकाहारी. घरात जे खाल्लं जातं, तेवढंच तिला पचतं. मासे शिकवायला महिना जाईल तुमचा."

"शिकवीन की!"

दुपारी तिने बोंबलाच्या कालवणाच्या ताटांना ती साय लावली आणि महिनाभर वास सोसायची मनाची तयारी केली. पाच मिनिटांत ताटं लख्ख झाली. वाससुद्धा उरला नाही.

"लगेच शिकली की गं!" आबा म्हणाले.

"शिकली नाही, आबा. तिला येतच होतं."

शेजाऱ्यांची वाटी रिकामी परत देत नाहीत. हेमांगीने ती कालवणाने भरली, झाकली आणि काकांची बेल वाजवली.

"तुमच्या सायीला फार आवडलं, काका," ती म्हणाली. "म्हटलं, तुम्हालाही आवडत असेल."