शिट्टीचे बूट

"विकताना तोंडभरून कौतुक केलंत, आणि दोन महिन्यांत शिट्टी बंद?" आजोबांनी चिमुकला लाल बूट काउंटरवर आपटला. "बदलून नको मला. फक्त कबूल करा, माल खराब आहे."

दुकानदारानं चष्मा वर सरकवला. आजोबांच्या कडेवर दीड वर्षांची नात होती, एक पाय बुटात, एक नुसत्या मोज्यात. पोरगी घटकाभर एका जागी ठरेल तर शपथ, म्हणून घरात तिचं नाव भिंगरीच पडलेलं. आजोबांच्या मागे सून उभी होती. कामावरून तशीच धावत आली होती, गळ्यातलं ओळखपत्र काढायचंही सुचलं नव्हतं तिला. डोळे रडून सुजलेले.

"काय झालं काका?"

"काय व्हायचं राहिलं होतं ते विचारा!" आजोबांचा उभा जन्म पत्रे ठोकण्यात गेलेला, हळू बोलणं त्यांना ठाऊकच नव्हतं. "बाजारात मी बटाटे निवडत होतो. ही माझ्या मागे. टाचेत शिट्टी आहे, पाऊल टाकलं की वाजणार, म्हणून तर हे बूट घेतले ना? वाजलं नाही, म्हणजे पोर जागची हलली नाही. मी आपला निवांत. वळून बघतो तर काय..."

पुढचं सुनेनं सांगितलं. बाजाराच्या मागच्या दारी एक टेम्पो उलटा येत होता. चाकापासून हातभर अंतरावर भिंगरी बसकण मारून कांद्याची सालं गोळा करत होती. एका हमालानं बोंब ठोकली, धावत जाऊन उचललं, म्हणून आज ती कडेवर तरी होती.

"मी हिला कधीचा सांगतोय, आवाज बसत चाललाय बुटांचा," आजोबा म्हणाले. "पण ऐकतो कोण! आणि आता म्हणे उद्यापासून पाळणाघर. माझ्याकडे पोर ठेवायची नाही. मग मी दिवसभर काय भिंतींशी बोलू? तुम्हीच सांगा हो, चूक बुटाची की माझी?"

सून बुटाकडे बघत राहिली. खरं सांगायचं तर तिलाही तो बूटच खराब निघायला हवा होता. सासऱ्यांच्या हातून पोर काढून घ्यायची तिला काय हौस होती?

दुकानदारानं बूट उचलून टाच अंगठ्यानं दाबली.

"बघा! मेलाय की नाही?" आजोबा म्हणाले.

दुकानदारानं पुन्हा दाबली. पलीकडे बाकावर चपला घालून बघणारी बाई वळून हसली. दुकानदारानं सुनेकडे पाहिलं. सुनेचा चेहरा पांढराफटक पडला होता.

काहीतरी करायचं म्हणून त्यानं फळीवरून नवा खोका काढला. "हा बघू काका. कालच आलाय."

"हाही मुका! दुसरा काढा."

दुसरा निघाला, मग तिसरा. आजोबांना आता चेव चढला होता. "बघ गं, बघ! अख्ख्या दुकानात एक धड शिट्टी नाही. आणि बोल कोणाला? म्हाताऱ्याला!"

भिंगरीनं त्यांच्या खांद्यावर हनुवटी टेकली होती, तोंड रस्त्याकडे. दुकानदाराकडे तिची पाठ होती. त्यानं चौथा बूट दाबला. ती गर्रकन वळली आणि खिदळली.

आजोबांचा हात हवेतच राहिला.

"पुन्हा दाबा," ते म्हणाले. त्यांनीच तिचं तोंड रस्त्याकडे फिरवलं. दुकानदारानं टाच दाबली. ती पुन्हा वळली, आणि या वेळी तर टाळ्याच पिटल्या.

दुकानदारानं बूट काउंटरवर ठेवला.

"माल खराबच आलाय काका," दुकानदार मोठ्यानं म्हणाला. "सगळाच्या सगळा परत पाठवतो. तुमची काही चूक नाही."

सुनेनं मान खाली घातली. तिनं ते खोडून काढलं नाही. 'हो' म्हणून घरी निघायचं, एवढंच बाकी होतं.

आजोबांनी लाल बूट हातात घेतला. कानाशी नेऊन दाबला. एकदा, दोनदा. टाचेतून हवेची बारीकशी फुंकर कानाला लागली. बस्स, एवढंच. 

"बूट चांगले आहेत तुमचे," ते म्हणाले. आल्यापासून पहिल्यांदाच हळू बोलले. "उगीच शिव्या दिल्या. राग मानू नका."

बाकावर बसून त्यांनी नातीला मांडीवर घेतलं, बूट घातला, पट्टा लावला. लावलेला पुन्हा ओढून बघितला. भिंगरी खाली उतरायला धडपडत होती, पण त्यांनी तिला सोडलं नाही.

"पाळणाघर कितीला उघडतं गं?"

"बाबा, आपण डॉक्टरांकडे जाऊ ना आधी. मशीन मिळतं कानाचं."

"जाऊ. तोवर टेम्पो थांबणारेत का? कितीला उघडतं?"

सून त्यांच्यासमोर उकिडवी बसली, चेहऱ्यासमोर चेहरा आणून म्हणाली, "साडेआठला."

त्यांनी मान हलवली. नातीच्या पोटाभोवतीचा हात आणखी आवळला.

"पोचवायला तेवढं मला येऊ दे," ते म्हणाले. "कडेवरच घेईन. खाली नाही उतरवणार."