उतरायचं कुठं

"लालबागचीच खोली बरी, वैनी," नाथाजी म्हणाला. "भाडं न्हाई, आन् माणसं आपलीच."

राहीबाई बेलाची पानं पुसून ताटलीत लावत होती. तिनं मान वर केली नाही. लालबागची खोली गावकीची होती. गिरणीत लागलेले गावातले अठरा-वीस गडी तिथं पाळीपाळीनं झोपायचे, आणि गावाकडून कुणी गेलं की कोपऱ्यात त्याचीही वळकटी पडायची.

मुंबईला जायचं होतं ते दादासोला शोधायला. दादासो म्हणजे नाथाजीचा थोरला भाऊ, राहीबाईचा नवरा. अकरा वर्षांपूर्वी एका गुरुवारी तो घरातून गेला, त्यानंतर ना पत्र ना निरोप. आता चौऱ्याहत्तर सालच्या फाल्गुनात लेकीचं, बनूचं लग्न जमत आलं होतं. उंब्रजचे सोयरे चांगले होते, पण त्यांचं एकच म्हणणं होतं. पोरीचा बाप जिता असेल तर त्याला घरी आणा, मांडवात उभा करा. नसेल तर तसं कळू द्या. त्यातच गुळाचा ट्रक घेऊन मुंबईला जाणाऱ्या चांदसाहेबानं सांगितलं, की दिवाळीत लालबागच्या नाक्यावर त्यानं दादासोला पाहिलं होतं. हाक मारली तसा तो गर्दीत शिरला.

राहीबाईचं व्रत साऱ्या गावाला ठाऊक होतं. पहाटे अंघोळ, महादेवाला एकशे आठ बेलाची पानं, आणि दिवसातून एकदाच जेवण. दादासो गेला त्याच आठवड्यातल्या सोमवारी, म्हणजे तो जायच्या तीन दिवस आधी, तिनं ते धरलं होतं. बाईच्या जिवाला आधीच कळतं, असं बायका म्हणत. नव्या नवऱ्या मुद्दाम येऊन तिच्या पाया पडत. संकल्प काय, ते तिनं कुणाला सांगितलं नव्हतं. तो सांगायचा नसतोच. वाईच्या भटजींनी तिला एवढंच बजावलं होतं, की मागणं पुरं झालं तर पाच जोडप्यांना जेवू घालून उद्यापन करायचं, आणि आशाच सुटली तर ताटलीसकट सगळं गुपचूप कृष्णेत सोडून द्यायचं. संकल्प गावाला न सांगताच कळला होता.

"परळला हंबीररावाचं बिऱ्हाड हाय," नाथाजीनं पुढची जागा काढली.

"तिथनं लालबाग किती लांब?"

"चालत धा मिंटं."

राहीबाईनं आणखी दोन पानं लावली. मग गिरगावच्या शालूमावशीचं नाव तिनंच काढलं. मावशी एका घरी स्वयंपाकाला होती, चाळीच्या मागच्या अंगाला तिची एक खोली होती. तिथून लालबाग किती लांब, तेही तिनं विचारलं.

"बसनं पाऊण तास जातोय."

"मग गिरगावच बरं."

नाथाजीला हसू आलं. "नवरा लालबागंत आन् बायकू गिरगावात. गाठ पडायची कशी?"

"शोधायला तुमी हाय की, भावजी. मला सोवळ्याचं पाणी लागतंय. वीस गड्यांत कुठनं मिळायचं?"

ते खरंच होतं. नाथाजीनं पुढं वाद घातला नाही.

गिरगावात पोचल्यावर राहीबाईनं आधी दाराची आतली कडी लावून बघितली, मग गाठोडं खाली ठेवलं. समुद्र जवळ होता, पण ती बघायला गेली नाही. सकाळी महादेवाला जायची, परत येऊन मावशीला पोळ्या लाटू लागायची. तिच्या डाव्या हाताची दोन बोटं मिटत नव्हती. पोळी उचलताना ती बोटं ताठ राहायची.

"अजून वळत न्हाईत व्हय गं?" मावशीनं विचारलं.

"जुनं हाय ते," राहीबाई म्हणाली.

नाथाजी रोज लालबागला जाऊन हात हलवत परत यायचा. तो यायच्या वेळेला जिन्यावर पावलं वाजली की तिचं लाटणं थांबायचं. पावलं एकाचीच आहेत असं कळलं की पुन्हा चालू व्हायचं. मावशीच्या डोळ्यांत पाणी यायचं. केवढी वाट बघते बाई, असं ती शेजारणीला सांगायची.

पाचव्या दिवशी दुपारी नाथाजी आला तो खांद्यावर पत्र्याची ट्रंक घेऊन. ती खाली उतरवून तिच्याजवळच बसला. मग त्यानं सांगितलं. दादासो आपल्या गावकीच्या खोलीत कधी राहिलाच नव्हता. शिराळ्याकडच्या लोकांच्या खोलीत, ज्योतिबा असं नाव सांगून राहत होता. पौषात तापानं गेला. सांगितलेलं गावही खोटं निघालं, म्हणून कळवायचं कुणाला ते त्यांना कळलं नाही. ट्रंक तेवढी माळ्यावर ठेवली होती.

त्यानं झाकण उघडलं. आत दोन सदरे होते, आणि पितळी बकलाचा जाड चामडी पट्टा.

"ह्यो दादाचाच," तो म्हणाला. "बघा की, वैनी."

राहीबाईनं पाहिलं. डावा हात पदराखाली घेतला. मग उजव्या हातानं पदराचं टोक ओलं करून कपाळाचं कुंकू स्वतःच पुसलं. मावशी तोंडात पदर कोंबून रडत होती. नाथाजीही रडत होता.

"अकरा वर्सं एकदा जेवून काढली तुमी," तो म्हणाला. "महादेवानं ऐकलं न्हाई. घरी गेल्याव ती ताटली कृष्णंत सोडून देऊ."

राहीबाई उठली. तिनं दाराची कडी काढली आणि दार सताड उघडं टाकलं. खारट वारा आत आला.

"न्हाई, भावजी," ती हळू म्हणाली. "सुतक फिटू द्या. मग उद्यापनाला पाच जोडपी सांगा."