घोरण्याचं अपील

झोपेत श्वास अडकण्याच्या आजारावर अपंगत्वाची पेन्शन मिळावी म्हणून निवृत्त हवालदार जयवंत घोरपड्यांनी अपील केलं, तेव्हा सातारा जिल्ह्यातलं त्यांचं अख्खं गाव हसलं. "घोरायची पेन्शन मागतोय गडी!" जयवंतराव मात्र निर्धास्त होते. भरतीच्या वेळी ते ठणठणीत होते आणि आजार फौजेत जडला, एवढंच तर सिद्ध करायचं होतं. अपील समितीपुढं साक्षीला त्यांनी वडिलांना, नाथाजींना, नेलं. पोरगं लहानपणी गपगार झोपायचं, एवढं नाथाजींनी खणखणीत आवाजात सांगितलंही.

मग समितीतल्या डॉक्टरांनी सहज विचारावं तसं विचारलं, "आजोबा, तुम्ही स्वतः घोरता का हो?"

"लय! पत्रा हालतोय."

"आणि तुमचे वडील?"

"त्येंच्यापुढं मी कायच न्हाई."

जयवंतरावांनी टेबलाखालून म्हाताऱ्याचा पाय दाबला. म्हाताऱ्यानं पाय काढून घेतला.

"म्हणजे आजार खानदानी आहे," डॉक्टर पेन उचलत म्हणाले. "यात फौजेचा काय संबंध?"

जयवंतरावांना बसल्या जागी घाम फुटला. पेन्शन गेली ती गेली, वर ती आपल्याच बापानं घालवली, हे गावात सांगायचं कुठल्या तोंडानं?

डॉक्टरांनी कागदावर पेन टेकवता टेकवता शेवटचं विचारलं, "तुमच्या घरात न घोरणारा पुरुष एकही नाही?"

"हाय की," नाथाजी मिशीवरनं हात फिरवत म्हणाले. "ह्येचा धाकटा भाऊ. मांजरावानी झोपतोय. छाती कमी भरली त्येची. आमच्या घरात भरतीत नापास झालेला तेवढा त्योच."